दोन निर्दोष दात: नाशिकच्या डॉक्टर आणि दंतवैद्य मंडळींना खुलं पत्र

नाशिक शहर आणि जिल्ह्यातल्या सर्व डॉक्टर आणि दंतवैद्य मंडळींस,
सप्रेम नमस्कार.

मी गेली बावीस वर्षं नाशिकरोडला दातांचा दवाखाना चालवते. या पत्राची सुरुवात माझ्या स्वतःच्या चुकीपासून करावी लागणार, म्हणून ते लिहायला मला दीड वर्ष लागलं. ज्यांच्या बाबतीत चूक झाली त्या काकूंना विचारून लिहिते आहे. त्यांची ओळख पटू नये म्हणून बारीकसारीक तपशील बदलले आहेत, दुखण्याचा मात्र एकही बदललेला नाही.

काकू निफाड तालुक्यातल्या. घरची द्राक्षबाग, वय साठीकडे झुकलेलं. जानेवारीत मुलाच्या मोटारसायकलवर मागे बसून आल्या, डाव्या गालावर पदर घट्ट दाबून धरलेला. जानेवारीतल्या निफाडची थंडी तुम्हाला माहीत आहे, त्यामुळे त्या पदराचं मला काही वेगळं वाटलं नाही. वरची डावी उपदाढ दुखते म्हणाल्या. “वीज चमकल्यावानी कळ येते मॅडम. काढूनच टाका.”

मी आरशाच्या दांड्याने एकेक दात ठोकून पाहिला. थंड लावून पाहिलं. त्या उपदाढेत जुनं सिमेंट होतं, एक्स-रेत विशेष काही नव्हतं. पण थंड लागताच त्या खुर्चीतून अर्ध्या उठल्या, डोळ्यांतून पाणी आलं. मी तिथे भूल दिली आणि दुखणं थांबलं. मग माझ्या मनात शंका उरली नाही. दात काढला.

पुढचे दोन महिने काकूंना एक कळ आली नाही. फेब्रुवारीत मुलाच्या हाती द्राक्षांची पेटी पाठवली, “मॅडमना सांग, आता भाकरी खाते.” ती पेटी मी दवाखान्यात सगळ्यांना वाटली. आपलं निदान बरोबर होतं याचा याहून मोठा पुरावा मला तेव्हा नको होता.

जूनमध्ये त्या परत आल्या. आता शेजारची उपदाढ. तीच वीज, तोच पदर, तीच विनवणी. मी तोही दात काढला. या वेळी पंधरा दिवसही आराम पडला नाही. तिसऱ्यांदा आल्या तेव्हा त्यांनी बोट पुढच्या दाढेवर ठेवलं. त्या दाढेला ना कीड, ना भेग, ना सूज. तरी रूट कॅनाल करून पाहावं असा विचार माझ्या मनात सुरू झाला होता, हे मला इथे लिहायलाच हवं.

मला थांबवलं ते काकूंच्या एका बोलण्याने. भाच्याच्या लग्नात आपण नथ घातली नाही, याची त्यांना खंत होती. “नाकाला हात लागला तरी कळ येती, मग नथ कशी घालू?” त्या हे सहज बोलून गेल्या. पण दाताला नथीचं काय? दात चावताना दुखेल, थंड-गरम लागलं की दुखेल, नाकपुडीला बोट लागलं म्हणून दुखणार नाही. हे जुळत नव्हतं. आणि मग लक्षात आलं की जुळत नसलेलं पहिल्या दिवसापासून बरंच काही होतं, मी ते बाजूला सारत आले होते.

त्या दिवशी मी आयुष्यात पहिल्यांदा एका न्यूरो डॉक्टरांना फोन केला. बावीस वर्षांत पहिल्यांदा. त्यांनी मला तीन गोष्टी विचारल्या. एक कळ किती वेळ टिकते, घड्याळ लावून पाहिलंय का? रात्री झोप लागते का? आणि कशाकशाने सुरू होते? मी फोन हातात धरूनच काकूंना विचारलं. कळ टिकते मोजून दहा-पंधरा सेकंद. “झोप लागते की. सकाळी उठून तोंड धुतलं की सुरू.” तोंड धुणं, दात घासणं, मोटारसायकलवर लागणारा वारा, भाकरीचा पहिला घास. पदर थंडीसाठी नव्हताच, तो वाऱ्याच्या झुळकीसाठी होता.

ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. तुम्हा मंडळींना सांगायची गरज नाही, पण हे पत्र रुग्णही वाचतील म्हणून थोडक्यात लिहिते. चेहऱ्याच्या संवेदना मेंदूकडे नेणाऱ्या पाचव्या नसेच्या तीन शाखा असतात. मधली वरच्या जबड्याकडे, गालाकडे आणि नाकाच्या बाजूला जाते, खालची खालच्या जबड्याकडे. ही नस मेंदूपाशी जिथून निघते तिथे बहुतेक वेळा एखाद्या रक्तवाहिनीचं वेटोळं तिच्यावर दाबत असतं. तिथलं वरचं आवरण झिजतं आणि गालाला नुसता स्पर्श झाला तरी मेंदूला विजेचा झटका बसल्यासारखं कळतं. दुखतं चेहऱ्यात, बिघाड असतो कवटीच्या आत, आणि मध्ये दात उगीच शिक्षा भोगतात.

आता मी कुठे फसले ते नीट सांगते, कारण तुमच्यापैकी कुणी ना कुणी उद्या तिथेच फसणार आहे.

भूल दिल्यावर दुखणं थांबलं म्हणजे दात दोषी, हा हिशेब मी केला. पण कळ जिथून पेटते ती जागाच सुन्न केली तर या आजारातही कळ थांबते. भुलीने दाताचा गुन्हा सिद्ध होत नाही. दुसरं, दात काढल्यावर दोन महिने आराम पडला. या आजाराला स्वतःच्याच भरती-ओहोटी असतात. काहीही न करता तो आठवडेच्या आठवडे, कधी महिनोन्‌महिने गप्प बसतो. मी दात काढला तेव्हा ओहोटी लागली होती, एवढंच. तिसरं, दाताची नस सुजली की ठणका रात्री, आडवं झाल्यावर वाढतो, रुग्ण रात्रभर गालाला हात लावून बसून राहतो. काकू शांत झोपत होत्या. मी “दुखतं का?” हे दहा वेळा विचारलं आणि “कधी दुखत नाही?” हे एकदाही विचारलं नाही. आणि शेवटचं, रुग्ण स्वतःच दात काढा म्हणून हात जोडत होता. इतक्या कळवळून कुणी मागितलं की आपला हात पुढे होतोच. पण दुखणाऱ्या माणसाला फक्त जागा ठाऊक असते. कारण शोधायचं काम आपलं आहे.

कार्बामाझेपिन या नसेची कळ शमवणाऱ्या गोळीच्या लहान डोसवर चार दिवसांत काकूंनी पाण्याने तोंड धुतलं, तेही न घाबरता. अंगावर पुरळ उठलं तर गोळी बंद करून लगेच यायचं, हे त्यांना बजावून सांगितलं होतं. अधूनमधून रक्तातलं सोडियमही तपासतात. नसेचा खास एमआरआय केला, त्यात रक्तवाहिनीचं वेटोळं दिसलं. ऑपरेशनचा पर्यायही समजावून सांगितला, त्यांनी सध्या गोळ्यांवर राहायचं ठरवलं. सगळं मार्गी लागल्यावर माझ्यासमोर बसून त्यांनी अगदी शांतपणे विचारलं, “मग माझे दोन दात कशापायी गेले, मॅडम?”

मी त्यांना खरं सांगितलं. हे पत्र त्या उत्तराचाच पुढचा भाग आहे.

हा आजार कुणाला ठाऊक नव्हता असं नाही. लंडनच्या जॉन फोदरगिल यांनी १७७३ मध्ये त्याचं वर्णन केलं. आयुर्वेदातला अनंतवात वाचून आपल्या वैद्य मंडळींना याच दुखण्याची आठवण होते. मी स्वतः तो परीक्षेत लिहून मार्क मिळवले आहेत. परीक्षेत त्याचं नाव आधी असतं आणि लक्षणं नंतर. दवाखान्यात लक्षणं येतात, तीही अर्धी, पदराआड, आणि नाव कुणीच सांगत नाही.

‘दुर्मीळ’ या शब्दाबद्दलही बोलायला हवं, कारण या शब्दाच्या आड आपण सगळे निवांत बसतो. परदेशातल्या अभ्यासांत ट्रायजेमिनल न्यूराल्जियाचे लाखामागे वर्षाला साधारण चार ते तेरा नवे रुग्ण सापडतात. २०११ च्या जनगणनेत नाशिक जिल्ह्याची लोकसंख्या ६१ लाख होती. आपल्याकडे प्रमाण तेवढंच असेल असं धरून सर्वांत कमी आकडा घेतला, तरी वर्षाला अडीचशेच्या आसपास माणसं होतात. ती कुठे जातात? गालात कळ आली की माणूस न्यूरो डॉक्टरकडे जात नाही, दातांच्या डॉक्टरकडे येतो. म्हणजे ती आपल्याकडे येतात. एका दवाखान्यासाठी दुर्मीळ असलेला आजार जिल्ह्यासाठी दुर्मीळ नसतो. आणि असे आजार एक नाही, शेकडो आहेत.

२०१४ मध्ये बुलढाण्याच्या एका १७ वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात २३२ दात काढले. ती बातमी जगभर गेली आणि जायलाच हवी होती. पण तो आजार स्वतःची ओळख स्वतःच देत होता. मला काळजी वाटते ती साध्या दिसणाऱ्या केसची. असाधारण आजार साध्या कपड्यांत येतो, आपण त्याला साधी गोळी देतो, आणि तो पुढच्या दवाखान्यात जातो.

उलट्या बाजूचंही सांगते, म्हणजे फक्त दंतवैद्यच चुकतात असा समज होणार नाही. अंबडच्या एका कारखान्यात काम करणारा तरुण. हनुवटीवर गळू, दोन वर्षं. तेवढ्या काळात त्याने किती वेळा अँटिबायोटिक घेतलं ते त्यालाही आठवत नव्हतं. दोनदा चिरा दिला होता. मलम, ड्रेसिंग, पुन्हा मलम. गळू बसायचं, महिन्याभरात परत फुटायचं. माझ्याकडे तो आला तो दात साफ करायला, हनुवटीवरची पट्टी तशीच ठेवून. खालच्या पुढच्या दातांतला एक मला किंचित काळसर दिसला. विचारलं तर म्हणाला, शाळेत असताना क्रिकेटचा चेंडू लागला होता, पण दुखत तर कधीच नाही. दुखणार कसा? तो दात कित्येक वर्षांपूर्वीच मेला होता. गट्टापर्चाची, म्हणजे रूट कॅनालमध्ये भरतात त्या रबरासारख्या पदार्थाची, बारीक काडी त्या हनुवटीच्या भोकातून हलकेच आत सरकवली आणि एक्स-रे काढला. फिल्मवर ती पांढरी रेघ सरळ त्या दाताच्या मुळाच्या टोकाशी जाऊन थांबलेली. रूट कॅनाल केलं, हनुवटीला हातही लावला नाही. काही आठवड्यांत भोक आपोआप मिटलं, नुसता एक खळगा उरला. दोन वर्षांत ज्यांनी ज्यांनी त्याला तपासलं त्यांतल्या एकानेही ‘तोंड उघड’ म्हटलं नव्हतं. यात कुणाचा आळस नाही. एमबीबीएसला दंतशास्त्राचा स्वतंत्र पेपर नसतो. आम्हाला बीडीएसच्या तिसऱ्या वर्षाला मेडिसिन आणि सर्जरी असते, पण एकदा दवाखान्याची पाटी लागली की आम्हीही ते विसरतो.

आणखी एक गृहस्थ होते, निवृत्त शिक्षक, रोज सकाळी पांडवलेण्याच्या पायऱ्या चढणारे. खालचा डावा जबडा दुखतो म्हणून आले. दातांत काही सापडलं नाही. कधी दुखतं म्हटल्यावर म्हणाले, निम्म्या पायऱ्यांवर सुरू होतं, पाच मिनिटं टेकलो की जातं. त्यांना मी खुर्चीतून उठवून थेट ईसीजीला पाठवलं. हृदयाची कळ कधीकधी छाती सोडून जबड्यात उमटते, बायकांत आणि मधुमेह असलेल्यांत तर हे जास्त लक्षात ठेवायचं. त्यांची अँजिओप्लास्टी झाली आणि आता पुन्हा पायऱ्या चढतात. इथे मला जमलं, याचं कारण एकच. सुदैवाने काकू त्यांच्याआधी येऊन गेल्या होत्या आणि “कधी दुखत नाही?” हा प्रश्न तोवर मला पाठ झाला होता.

हिरड्या अचानक फुगून रक्त येणारा तरुण मुलगा आला तर सफाईआधी रक्ताची साधी तपासणी, कारण ल्युकेमिया, म्हणजे रक्ताचा कर्करोग, कधीकधी हिरडीतून डोकावतो. ब्लडप्रेशरच्या अ‍ॅम्लोडिपिनने हिरड्या वाढल्या असतील तर फिजिशियनला एक फोन. महिनोन्‌महिने ‘तोंड आलंय’ म्हणून जेल लावणाऱ्या बाईला पेम्फिगस हा फोडांचा आजार असू शकतो, त्वचेवर फोड यायच्या कितीतरी आधी. आणि दात काढण्याआधी ‘हाडांसाठी इंजेक्शन घेतलंय का’ हे वेगळं विचारायचं. वर्षातून एकदाच घेतात म्हणून ते औषधांच्या यादीत सांगायचं कुणाला सुचत नाही, आणि मग कधीकधी जबड्याचं हाड भरून येत नाही.

हे असं एकमेकांना विचारणं आपल्याला जमणार नाही, असं मला कुणी सांगू नका. आपण ते केलेलं आहे. २०२१ चे मे-जून आठवा. कोविडमधून उठलेली माणसं, मधुमेह, स्टिरॉइड, आणि मग गाल बधिर, वरचे दात एकाएकी हलायला लागलेले, टाळूवर काळा डाग. म्युकरमायकोसिस, म्हणजे काळी बुरशी. तेव्हा हलणारा दात पाहिलेला दंतवैद्य रात्री अकरा वाजता कान-नाक-घसा तज्ज्ञाला फोन करत होता, ते डोळ्यांच्या डॉक्टरांना, ते फिजिशियनना. त्या बुरशीवरच्या अ‍ॅम्फोटेरिसिनच्या इंजेक्शनसाठी कोण कुठे वणवण करत होतं ते आपण सगळ्यांनी पाहिलं. ज्यांची तोंडं कधी पाहिली नव्हती त्यांचे नंबर त्या दोन महिन्यांत माझ्या फोनमध्ये जमा झाले. कोणाची शाखा कोणती, कोणाची डिग्री मोठी, हा प्रश्न कुणाला पडला नाही. एक दात हलला की चार शाखा हलत होत्या. मग साथ ओसरली आणि ते नंबर तसेच पडून राहिले. काकू माझ्याकडे आल्या तेव्हाही ते फोनमध्येच होते.

म्हणून मागणं साधं आहे. रुग्ण पुढे पाठवताना आपण ‘पुढील उपचारांसाठी’ एवढं लिहून सही करतो. तिथे आणखी चार ओळी लिहूया: मी काय पाहिलं, मी काय केलं, मला काय नाही असं वाटतं, आणि सर्वांत महत्त्वाचं म्हणजे काय जुळत नाही. “थंड लागलं की दुखतं, पण रात्री झोप लागते, आणि नथ घालता येत नाही.” अशी एक ओळ जानेवारीत माझ्याच केसपेपरवर असती तर दोन दात वाचले असते. ‘निदान झालेलं नाही’ हे लिहायला आपल्याला लाज वाटते, कारण रुग्णाला वाटेल डॉक्टरला काही येत नाही. माझा अनुभव उलटा आहे. मी काकूंना ‘मला कळलेलं नाही, मी विचारते’ असं तिसऱ्या खेपेला सांगितलं, तेव्हा त्यांचा माझ्यावरचा विश्वास वाढला.

सुरगाणा, पेठ, इगतपुरीच्या दवाखान्यांत ही चिठ्ठी आणखी मोलाची आहे. तिकडचा रुग्ण नाशिकला यायचं तर दिवसाची मजुरी बुडवून, एसटी बदलून येतो. चुकीच्या दारात आला तर दुसरी मजुरी बुडते, मग तिसरी, आणि मग तो यायचंच सोडून देतो. त्याच्या एक्स-रेची आणि रिपोर्टची प्रत त्याच्या हातात देऊया. ती त्याचीच आहे. फोनवरचा फोटो चालेल, पण कोरी चिठ्ठी नको.

दुसरं मागणं बैठकीचं. महिन्यातून एक संध्याकाळ, दोन तास. दंतवैद्य, फिजिशियन, न्यूरो, कान-नाक-घसा, त्वचारोग, आयुर्वेदाचे वैद्य, ज्याला यायचंय ते सगळे. यशस्वी केस तिथे नको, त्या आपण परिषदांमध्ये मांडतोच. इथे फक्त दोन प्रकार: ज्या अजून उलगडल्या नाहीत त्या, आणि ज्या आपण चुकलो त्या. रुग्णाचं नाव-गाव काढून. औषध कंपनीचं जेवण नको, चहा आपला आपण करू. तिथे कुणी चूक सांगितली तर ती बाहेर जाऊन कुणाच्या दवाखान्याविरुद्ध वापरायची नाही, ही एकच अट. ती पाळली गेली नाही तर दुसऱ्या महिन्यात कुणी तोंड उघडणार नाही.

महाराष्ट्र आरोग्य विज्ञान विद्यापीठ १९९८ पासून आपल्याच शहरात आहे. एमबीबीएस, बीडीएस, आयुर्वेद, होमिओपॅथी, नर्सिंग, सगळ्यांच्या पदव्या तिथूनच निघतात. विद्यापीठाला माझी नम्र विनंती आहे. इंटर्नशिपमध्ये दोन आठवडे तरी ही मुलं एकमेकांच्या ओपीडीत बसू द्या. दंतवैद्य होणाऱ्याने न्यूरो ओपीडीत चेहऱ्याची कळ पाहावी, आणि त्वचारोग शिकणाऱ्याने हनुवटीचं गळू पाहिल्यावर ‘तोंड उघड’ म्हणायला शिकावं. त्यासाठी नवी इमारत लागत नाही.

बैठकीची जागा आणि वार तुम्ही ठरवा. शालिमारला असो, गंगापूर रोडला असो, नाशिकरोडहून मी येते. पहिली केस माझी धरा. काकूंचे दोन्ही एक्स-रे मी जपून ठेवले आहेत, ते घेऊन येईन. यायचं का, असं मी त्यांनाही विचारलंय. येणार म्हणाल्या, थंडी सरली की.

आपली,
नाशिकरोडची एक दंतवैद्य